शून्य नंबरचा फ्लॅट

महाराष्ट्रातल्या पन्नाशी ओलांडलेल्या माणसांचे शाळेचे दाखले खरे मानायचे, तर त्या काळी आपल्याकडे बाळंतपणं वर्षातून एकदाच, सामुदायिक पद्धतीने उरकली जात असत. मुहूर्त ठरलेला: १ जून.

बदलापुरात कुळगावातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या दिवशी पहाटेपासून केक पडायला लागतात. ए विंगमधले निवृत्त तलाठी भाऊसाहेब, त्यांच्याच मजल्यावरचे एसटीतले मेकॅनिक, सी विंगमधल्या शाळेच्या बाई आणि बाईंचे मिस्टर. नवराबायकोचा वाढदिवस एकाच तारखेला आलेला पाहून दुसऱ्या मजल्यावर नव्याने भाड्याने आलेली मुलगी हरखून गेली, तिने चार बदाम पाठवले. बाईंनी खाली लिहिलं, "अगं, पत्रिका नाही जुळल्या, मास्तर जुळले."

हे मास्तर म्हणजे ज्यांनी पहिलीत नाव घातलं ते. जूनमध्ये शाळा उघडायची. बाप पोराचं बखोट धरून आणायचा. मास्तर जनरल रजिस्टर उघडून विचारायचे, "जन्म कधीचा?" बाप म्हणायचा, "भातलावणी चालली होती." कुठल्या सालची, ते त्याला सांगता यायचं नाही. पण रजिस्टरात तारखेचा रकाना होता आणि तो कोरा दिसला की तपासणीला आलेले साहेब खवळायचे. मग मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण. चालू सालातून सहा वजा, आणि महिना-तारीख शाळा उघडण्याच्या बेताची. झालं, पोराची जन्मतारीख कायमची ठरली.

याचा हिशोब पुढे वयाच्या ५८व्या वर्षी लागतो. सरकारी नोकरीत महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे राज्यभरच्या कचेऱ्यांतून दर ३१ मे रोजी शाल-श्रीफळांची लाट येते. आमचे भाऊसाहेब खरे भातलावणीतले, म्हणजे जुलैचे. ते अजून हळहळतात. "मास्तरांनी एक तारखेऐवजी दोन लिहिली असती ना, तर ३० जूनपर्यंत खुर्चीत होतो. एका दिवसाच्या शाईने महिन्याचा पगार खाल्ला."

संगणकवाले ज्याला डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणतात, ती ही. रकान्यात कोणी काही लिहिलं नाही, तर आपोआप काय लिहायचं ते आधीच ठरवून ठेवायचं. ते कोण ठरवतो? ज्याचा रकाना तो नाही. रजिस्टर ज्याच्या हातात आहे तो. आणि ठरवताना त्याच्या डोळ्यांसमोर पोराचं कल्याण नसतं, तपासणीचे साहेब असतात.

मी पोटापाण्यासाठी लहान धंदेवाल्यांच्या वह्या संगणकात बसवून देतो. उल्हासनगरात जीन्सवाले, अंबरनाथच्या एमआयडीसीत स्प्रिंगा आणि वॉशर करणारे, बदलापुरात सोसायट्या. काम ऐकायला मोठं वाटतं, आहे साधंच. माहिती तक्त्यांत मांडायची, तक्त्यातल्या प्रत्येक ओळीला एक ओळख द्यायची, आणि एका तक्त्याने दुसऱ्याकडे त्या ओळखीनेच बोट दाखवायचं. माणसाचं नाव एकदाच, एकाच ठिकाणी. बाकी सगळीकडे त्याचा नंबर. ही कल्पना आयबीएमच्या एडगर कॉड यांची. त्यांचा मूळ लेख १९७० सालच्या जूनच्या अंकात आला. अंकावर महिना आहे, तारीख नाही. आपल्या रिवाजाप्रमाणे १ जून धरायला हरकत नसावी.

पुढे १९८५ मध्ये कॉडसाहेबांनी या प्रकाराचे बारा नियम जाहीर केले. मोजणी शून्यापासून केली, म्हणून ते भरतात तेरा. त्यातला तिसरा नियम मला सगळ्यांत आवडतो आणि आमच्या पट्ट्यात सगळ्यांत कमी चालतो. जी माहिती आपल्याकडे नाही, तिच्यासाठी वेगळी खूण पाहिजे. शून्य नव्हे, नुसती कोरी जागाही नव्हे. 'ठाऊक नाही' अशी सरळ कबुली. तिला नल म्हणतात.

आता विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत 'ठाऊक नाही' म्हणणारा माणूस मला दाखवा. उल्हासनगर स्टेशनबाहेर उभं राहून कुठलाही पत्ता विचारा, पानवाला हात वर करेल, रिक्षावाला मान वळवेल, रसवंतीवर उभा असलेला तिसराच इसम म्हणेल, "सीधा जाओ, आगे किसी से भी पूछो." पुढचाही तेच म्हणतो. अशा रीतीने माणूस गोल मैदानाला पोचतो. तिथे त्याचं काम नसतं, पण पोचल्याचं समाधान मिळतं.

खरं तर उल्हासनगरचा पत्ता हा मी पाहिलेला सगळ्यांत शिस्तशीर पत्ता आहे. बॅरेक नंबर, रूम नंबर, सेक्शन, कॅम्प. चार आकडे मिळून एक दार. यातला एक जरी गाळला तरी टपाल फिरत राहतं, कुरिअरवाल्याचा पहिला प्रश्न कायम "कौनसा कॅम्प?" हाच. पिनकोडानेही इथे कॅम्पच पाळलेत: ४२१००१ ते ४२१००५, शेवटचा आकडा म्हणजे कॅम्पचा नंबर. (१५ ऑगस्ट १९७२ ला हा पिनकोड देशाला दिला तो श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपालखात्यातला माणूस, आणि संस्कृतात काव्यं करणारा. वृत्तात अक्षरं मोजायची सवय असलेल्याने सहा आकड्यांत देश बसवला, यात मला तरी नवल वाटत नाही.)

हा पत्ता असा आकड्यांचा का, याची गोष्ट विनोदाची नाही. इथे दुसऱ्या महायुद्धात लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना त्या रिकाम्या बॅरेकींत जागा मिळाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी छावणीचं उल्हासनगर झालं. माणसं आली, पण ती माणसं ज्यांच्याकडे बोट दाखवत होती ते घराचे उतारे, दुकानाच्या चोपड्या, शाळेचे दाखले, सगळं पलीकडे राहिलं. संगणकाच्या भाषेत अशा ओळींना अनाथ म्हणतात. त्यांना इथे नव्याने नंबर मिळाले, आणि तेव्हा मिळालेला नंबर असा चिकटला की आज त्या बॅरेकीची एक वीटही शिल्लक नाही, जागेवर सात मजली इमारत आहे, तिला लिफ्ट आहे, लिफ्टला आरसा आहे, तरी पत्त्यात बॅरेक नंबर तोच. डेटाबेस शिकवणारे घसा कोरडा करून सांगतात की ओळखीचा नंबर कधी बदलू नका. कॅम्प तीनमधल्या आजोबांना ते कोणी शिकवलं नव्हतं.

नलचा आणखी एक गुण आहे, तो आमच्या जिन्यात कोणाला पटत नाही. एक नल दुसऱ्या नलच्या बरोबर नसतो. या माणसाचा पत्ता ठाऊक नाही, त्या माणसाचाही ठाऊक नाही, म्हणून दोघं एकाच घरात राहतात असं होत नाही. होय नाही, नाही नाही. उत्तर 'सांगता येत नाही'. आमच्याकडे मात्र बी विंगमधला मुलगा आणि डी विंगमधली मुलगी असे दोघेही हळदीकुंकवाच्या दिवशी दिसले नाहीत, तर पाच मिनिटांत दोन्ही रकाने एकाच मजकुराने भरले जातात.

डिफॉल्टचे नियम थोडे बारीक आहेत. रकान्याचा उल्लेखच केला नाही, तर ठरलेली किंमत बसते. 'काही नाही' असं स्पष्ट सांगितलं, तर काही नाही हेच बसतं. संगणक नकाराचा मान राखतो. आमच्याकडे चहाला गप्प बसणाऱ्याला एक कप येतो आणि "नको" म्हणणाऱ्याला अर्धा. दुसरी गोष्ट, आज ठरवलेलं डिफॉल्ट आजपासून पुढच्या ओळींना लागतं. मागच्या कोऱ्या ओळी कोऱ्याच राहतात. हे गिऱ्हाइकाला सांगताना फार वेळ जातो, कारण "कम्प्युटर लिया किसलिए?" या प्रश्नाला उत्तर नसतं.

काही डिफॉल्ट तर कोणी ठरवलेलेच नसतात, यादीत पहिले आले म्हणून बसतात. कुठलाही ऑनलाइन फॉर्म भरताना राज्याच्या रकान्याकडे दुर्लक्ष करा आणि पाहा काय होतं. इंग्रजी वर्णमालेत पहिलं येतं अंदमान आणि निकोबार. इंग्रजांच्या राज्यात काळ्या पाण्यावर जायला माणसाला काहीतरी करावं लागायचं. आता काही न करणंही पुरतं. बदलापूर पूर्वेच्या एका काकूंची साडीची ऑर्डर अशी पोर्ट ब्लेअरच्या नावाने निघाली होती. पिनकोड ४२१५०३ होता म्हणून ती कर्जतची लोकल चुकली नाही.

डिफॉल्ट शहाणपणाने ठरवणारा माणूस मला भेटला तो उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये. जीन्सचा कारखाना म्हणजे दोन गाळे: एकात कटिंग, दुसऱ्यात मशिनी, मधे कापलेल्या कापडाची बंडलं, प्रत्येक बंडलाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर लॉट नंबर, साइज, नग. कारीगर बंडल उचलतो, खिसे लावतो, चिठ्ठीवरचा नंबर स्वतःच्या डायरीत उतरवतो. तेच बंडल मग चेन लावणारा घेतो, तोही उतरवतो. एका कारीगराच्या हातून अनेक लॉट जातात, एका लॉटवर अनेक कारीगर बसतात. अशा वेळी दोन तक्त्यांच्या मधे तिसरा तक्ता लागतो, ज्यात फक्त 'कोण' आणि 'कुठल्यावर' एवढंच असतं. हे मी शेठना कागदावर काढून समजावत होतो. त्यांनी शांतपणे एका पोराची डायरी माझ्यापुढे सरकवली. डावीकडे लॉट नंबर, उजवीकडे नग, मुखपृष्ठावर पोराचं नाव. तिसरा तक्ता रबर बँड लावून तयार होता.

मग डिफॉल्ट ठरवायला बसलो.

"साइज कोणी लिहिला नाही, तर?"

"बत्तीस," शेठ म्हणाले. "साईं, बत्तीस कमर तो सबकी होती है. शादी के पहले."

"रंग?"

"नीला."

"तारीख?"

"आज की. और क्या, कल की डालोगे?"

"पैसे मिळाले का?"

शेठनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "नहीं. हमेशा नहीं. जिसने दिया है वो सामने खड़ा होके लिखवाएगा. जिसने नहीं दिया, वो आएगा ही नहीं."

मी बरीच पुस्तकं चाळली आहेत. डिफॉल्ट कसं निवडावं यावर एवढं नेमकं मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. विसरल्यामुळे ज्याचं नुकसान होणार, त्याच्या बाजूने रकाना भरायचा.

याच्या नेमकं उलट अंबरनाथला. एमआयडीसीतला एक तरुण मॅनेजर, हुशार, पुण्याहून शिकून आलेला. त्याने माझ्या आधीच्या माणसाकडून स्प्रिंगांचा तक्ता करून घेतला होता. त्यात रकाना 'तपासणी', डिफॉल्ट 'पास'. का, तर रोज हजारो नग, बहुतेक पासच होतात, मुलांचं टायपिंग वाचतं. ओळ तयार व्हायची ती ऑर्डर आली त्या क्षणी. त्यामुळे ज्या स्प्रिंगांची तार अजून गोदामातसुद्धा उतरली नव्हती, त्याही पास झालेल्या होत्या. महिन्याचा अहवाल शंभर टक्के उत्तीर्ण. असा निकाल आमच्या वेळच्या शाळांतही लागत नसे. पुढे माल परत आला. कोणती खेप खरंच तपासली आणि कोणती नुसतीच पास म्हणून पडून आहे, हे आता शोधायचं कसं? सोय नव्हती. तपासून लिहिलेला 'पास' आणि आपोआप बसलेला 'पास' दिसायला सारखेच. भाऊसाहेबांच्या १ जूनसारखे. ग्रुपवर एखादा खराच १ जूनला जन्मलेला असेल तर बिचाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

अंबरनाथात गेलोच आहोत म्हणून सांगतो: तिथल्या शिवमंदिराच्या शिलालेखात साल कोरलेलं आहे, शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०. आधी अभ्यासकांनी ते ७८२ वाचलं होतं. रकाना भरलेला, दगडात भरलेला, तरी दोनशे वर्षांची गफलत होऊ शकली. पण तिथे निदान वाद घालायला अक्षर होतं.

आता सोसायटी. आमच्या सेक्रेटरीकाकांकडे सोसायटीचा सगळा संसार एका एक्सेलच्या पानावर होता. तारीख, नाव, विंग, फ्लॅट, मोबाइल, रक्कम, शेरा. पावती फाडली की ओळ वाढली, आणि प्रत्येक ओळीत नाव नव्याने टाइप केलेलं. त्यामुळे बी विंगमधले एकच गृहस्थ कुलकर्णी, कुळकर्णी आणि कुलकर्णि असे तीन सभासद होऊन बसले होते. वर्षभर मेंटेनन्स नियमित भरूनही तिघेही थकबाकीदार. प्रत्येकाने फक्त काहीच महिने भरलेले. नोटीस बोर्डावर तिन्ही नावं लागली तेव्हा ते खाली उतरून काकांना म्हणाले, "बाकीच्या दोघांना माझ्याकडे पाठवा, आम्ही आपसात बघून घेतो."

सभासदांचा तक्ता वेगळा करायचा, पावत्यांचा वेगळा, पावतीवर फक्त फ्लॅटचा नंबर. आणि संगणकाला बजावायचं की जो नंबर सभासदांच्या तक्त्यात नाही, त्याची पावती फाडू नकोस. सहकार कायद्याने हे काम सोसायट्यांना केव्हाच लावलेलं आहे. आय नमुना आणि जे नमुना या सभासदांच्या नोंदवह्या प्रत्येक सोसायटीत असतात. आमच्याकडेही आहेत. कपाटाची चावी कोणाकडे आहे, हा तेवढा नल.

मी काम हातात घेण्याआधी काकांच्या भाच्याने एक प्रयत्न केला होता. त्याच्या कॉलेजातल्या लॅबमध्ये अॅक्सेस नावाचं डेटाबेसचं जुनं सॉफ्टवेअर होतं. त्यात आकड्यांचा रकाना केला की तो न विचारता डिफॉल्ट शून्य टाकतो. भाच्याला ते कळलं नाही. कोणी पावतीवर फ्लॅट नंबर लिहायला विसरलं की संगणक समजायचा, फ्लॅट नंबर शून्य. मग सभासदांच्या तक्त्यात शून्य शोधायचा आणि सापडला नाही की हात आखडता घ्यायचा: संबंधित नोंद नाही, पावती होणार नाही. काका वैतागले. "पैसे घेऊन माणूस दारात उभा आहे आणि हा नाही म्हणतो?"

इथे योग्य उपाय म्हणजे शून्य पुसून टाकणं. रकाना कोरा राहिला असता आणि संगणकाने तो कोराच चालवून घेतला असता. भाच्याने त्याहून सोपा उपाय काढला. सभासदांच्या तक्त्यात शून्य नंबरचा फ्लॅटच उघडला. नाव: इतर. विंग: ए, कारण ती पहिली. ताब्याच्या तारखेतही शून्य गेलं, आणि अॅक्सेसच्या पंचांगात शून्यावा दिवस म्हणजे ३० डिसेंबर १८९९. त्या दिवशी बदलापुरात कोणालाही कशाचाही ताबा मिळाल्याचं ऐकिवात नाही.

संगणक खूश झाला, पावत्या फाडल्या जाऊ लागल्या. वर्षअखेरीला अहवाल काढला तर सोसायटीतला सर्वांत नियमित सभासद, सर्वांत जास्त भरणा करणारा, पाण्याबद्दल एकही तक्रार नसलेला, असा एकच निघाला: ए विंग, फ्लॅट शून्य, श्री. इतर. वार्षिक सभेत अहवाल वाचला जात असताना मागच्या रांगेतून सूचना आली की त्यांचा श्रीफळ देऊन सत्कार व्हावा. अनुमोदनही मिळालं. ऑडिटरने फक्त एवढंच विचारलं, की त्यांना पार्किंग दिलंय का.

हसलो सगळे, पण श्री. इतर आपल्याकडे नवे नाहीत. सरकारी अंदाजपत्रकात ते 'संकीर्ण' असतात, वाण्याच्या वहीत 'किरकोळ', हिशोबनिसाकडे 'सस्पेन्स खातं'. जे कुठे बसत नाही त्याला बसायला खुर्ची. खुर्ची एकदा ठेवली की मग जे इतरत्र नीट बसलं असतं तेही तिथेच येऊन टेकतं.

हे सगळं भाऊसाहेबांना सांगायला गेलो तर ते म्हणाले, "तुझ्या त्या कॉडला सांग, आम्ही हे आधीपासून करतो." आणि त्यांनी तासभर माझी शिकवणी घेतली. गावचे नमुने एकवीस. सातवा म्हणजे जमीन कोणाची, बारावा म्हणजे तिच्यात पीक काय. दोन वेगळे तक्ते, गट नंबराने जोडलेले, एका कागदावर छापले की सातबारा. आठ-अ म्हणजे एका खातेदाराची गावातली सगळी जमीन, म्हणजे तोच माल माणसाच्या बाजूने बघायचा. आणि सातबाऱ्यावर नावाशेजारी जो बारीक नंबर असतो तो फेरफाराचा. तो धरून नमुना सहाची वही उघडायची, तिथे हे नाव इथे कसं आलं याची कहाणी: वारसाने, खरेदीने, वाटपाने. "नंबर धरून मागे मागे जायचं. शेवटी पणजोबा सापडतो. किंवा भांडण."

आणि नवी नोंद लगेच पक्की नाही. संबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करणार. हाताने लिहिण्याच्या काळी तोवर सातबाऱ्यावर ती पेन्सिलीने असायची. डेटाबेसवाले याला व्यवहार कमिट होणं म्हणतात आणि त्यावर जाडजूड प्रकरणं लिहितात. भाऊसाहेबांनी ते शिसपेन्सिलीवर भागवलं होतं. "रबर मात्र कुलपात ठेवायचो," ते म्हणाले. माझ्या मते संगणक सुरक्षेवर यापुढे बोलण्यासारखं फार उरत नाही.

जोडलेल्या तक्त्यांत खरी गंमत येते ती बदलताना आणि पुसताना. बदलापूरचंच घ्या. १९८३ मध्ये कल्याणची महानगरपालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात गेले, १९९२ मध्ये बाहेर पडले, आपापल्या नगरपालिका झाल्या. तालुका जुन्या कागदांवर कल्याण, मग उल्हासनगर, आता अंबरनाथ. गाव जागचं हललं नाही. वरचा मालक बदलत राहिला. जोडणी नीट असेल तर एका ओळीत एक शब्द बदलला की काम संपतं. ज्या कचेरीने प्रत्येक घराच्या ओळीत तालुका हाताने लिहून ठेवलाय, तिथे आजही एकाच जिन्यातले शेजारी वेगवेगळ्या तालुक्यांत राहतात.

पुसण्याचे मुख्य पर्याय तीन. पहिला, अडवणूक: ज्याच्याकडे कोणी बोट दाखवतंय ती ओळ पुसता येणार नाही. याला सोसायटीत ना-हरकत दाखला म्हणतात. बाकी भरल्याशिवाय फ्लॅट विकून कोणी जाऊ शकत नाही, आणि हा एकच नियम असा आहे की तो संगणकाआधी काकांना तोंडपाठ होता. दुसरा, नल करून सोडून देणं: माणूस गेला, त्याच्या पावत्या राहिल्या, पण कोणाच्या ते ठाऊक नाही. तिसरा पर्याय कॅस्केड. मूळ ओळ पुसली की तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या ओळी आपोआप पुसल्या जातात. भाच्याने त्यावरही टिक केली होती, शब्द ऐकायला बरा वाटला म्हणून. सी विंगमधले एक जण फ्लॅट विकून पनवेलला गेले, काकांनी त्यांचं नाव काढलं, आणि त्यांनी अकरा वर्षं भरलेला मेंटेनन्स त्यांच्या टेम्पोबरोबर निघून गेला.

बदलाचाही कॅस्केड असतो, आणि तो आपल्याकडे लग्नात होतो. मराठी माणसाचं मधलं नाव म्हणजे वडिलांच्या ओळीकडे दाखवलेलं बोट. मुलीचं लग्न झालं की ते बोट नवऱ्याकडे फिरवायचं, आडनावही बदलायचं. संगणकात हा बदल एका झटक्यात सगळ्या तक्त्यांत उतरतो. प्रत्यक्षात राजपत्रात नाव छापून आणणं, मग बँक, पॅन, आधार, रेशन कार्ड, पासपोर्ट असा तो कॅस्केड ती बाई स्वतः पायी करते, हातात प्लास्टिकचं फोल्डर घेऊन, लग्नाचा फोटो सोबत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारने नवा रकाना घातला: आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. चांगलं झालं. सी विंगमधल्या बाईंनी ही बातमी ग्रुपवर टाकली तेव्हा त्यांच्या मिस्टरांनी विचारलं, "जुन्या ओळींना लागू आहे का?" बाईंनी लिहिलं, "नाही. डिफॉल्ट आहे, पुढच्यांना." मला बाईंचा अभिमान वाटला.

तर नवा डेटाबेस तयार झाला, शून्य नंबरचा फ्लॅट पुसायचा ठरला. अडवणुकीचा नियम लावलेला असल्यामुळे आधी श्री. इतरांच्या नावावरच्या पावत्या खऱ्या मालकांना वाटाव्या लागणार होत्या. काकांनी त्यासाठी सभा बोलावली. नोटीस बोर्डावर विषयपत्रिका लागली: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे; ताळेबंद; फ्लॅट क्रमांक शून्यबाबत निर्णय; आणि तळाला, महाराष्ट्रातल्या कुठल्याही सभेच्या कागदावर तळाला असतो तो विषय, "मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय." कॉडसाहेबांचा तिसरा नियम आपल्याकडे पाळला जातो तो इथेच. काहीतरी येणार हे नक्की, काय ते आज ठाऊक नाही, म्हणून जागा सोडलेली आहे, आणि ती कोणी आधी भरून ठेवत नाही.

सभा साडेसातला सुरू झाली. शून्य नंबरचा विषय चार मिनिटांत मंजूर झाला. त्या शेवटच्या रकान्यात ए विंगमधून एकाने पार्किंग काढलं, आणि साडेदहा वाजता वॉचमनने येऊन विचारलं की गेट लावू का.